विमान उतरेपर्यंत

मुलुंड पूर्वेला, नवघर रोडच्या आतल्या गल्लीत 'सुयोग' नावाची एक तीन मजली सोसायटी आहे. तिथे माणसाची किंमत त्याची मुलं किती तासांवर राहतात यावरून ठरते. हसू नका, खरंच तसं आहे. संध्याकाळी पार्किंगशेजारच्या बाकावर बायका बसतात, त्यात ज्यांची मुलं ठाण्यात त्यांना कडेची जागा. पुण्यात असतील तर जरा मध्ये सरकायला मिळतं. जानकीबाईंची मुलगी सिंगापूरला, म्हणून त्या काही वर्षं मधोमध ऐसपैस बसायच्या. मग सुनंदाबाईंनी एका दमात त्यांची हवा काढली. "साडेपाच तासांत पोचतं ते कसलं हो परदेश? आम्ही लग्न झाल्यावर लाल डब्यातून रत्नागिरीला गेलो, त्याला याच्या दुप्पट वेळ लागला होता!" त्यानंतर जानकीबाई बरेच दिवस खाली उतरल्याच नाहीत.

सुनंदाबाईंचा एकुलता एक मिहिर टोरंटोला. "मुंबई ते टोरंटो, साडेबारा हजार किलोमीटर," असं त्या सांगायच्या. कुणी विचारलं तर सांगायच्याच, नाही विचारलं तरी सांगायच्या. "इथून दुबई तीन तास. तिथे ताटकळायचं. मग पुढे चौदा तास एका खुर्चीत, खाली नुसतं पाणी नि बर्फ. वीस तास धरून चाला." विमान जणू त्याच चालवतात असा थाट. स्वतः एकदाच विमानात बसल्या होत्या, दिल्लीपर्यंत, आणि उतरेपर्यंत डोळे उघडले नव्हते.

पण ही गोष्ट सुनंदाबाईंची नाही, त्यांच्या सुनेची आहे. दीप्तीची.

दीप्ती चारकोपची, सेक्टर आठमधली. वडील काशीराम मूळचे कणकवलीकडचे, परळच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा बाकीचे गावाला गेले, हे चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वॉचमन झाले आणि बिनतक्रार म्हातारे झाले. आई शेवंती पोळीभाजीचे डबे करायची. त्या डब्यांवर दीप्ती बी.कॉम. झाली, गोरेगावच्या एका कंपनीत लागली आणि तिथेच तिला मिहिर भेटला. गोरा, मऊ बोलणारा, कुणाला नाही म्हणता न येणारा. कुणालाच म्हणजे कुणालाच, हे तिला लग्नानंतर कळलं.

लग्न ठरवायला सुनंदाबाई चारकोपला आल्या, दोन खोल्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "घर लहान आहे, पण स्वच्छ ठेवलंय हो!" शेवंतीला ते कौतुक वाटलं. तिने दोन लाडू जास्त वाढले. दीप्तीला मात्र ते तिथेच बोचलं होतं, पण प्रेमात माणूस बहिरा होतो, त्याला कोण काय करणार?

लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच मिहिरला टोरंटोची नोकरी मिळाली. विद्याधरराव, म्हणजे सासरे, त्याच सुमाराला गेले. "आईला एकटं कसं टाकायचं? माझं तिकडचं कायम झालं की दोघींना नेतो," असं मिहिर म्हणाला. दीप्तीने नोकरी सोडली आणि मुलुंडला सासूजवळ राहिली. वर्षातून एकदा तो तीन आठवडे यायचा आणि परत जायचा. आणि तो परत निघाला की ती पद्धत सुरू व्हायची.

आता पद्धत तशी सगळ्यांकडेच असते. घरचं माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या पाठोपाठ केर काढू नये. शेवंतीही पाळायची. "एसटी खारपाड्याचा पूल ओलांडीपर्यंत थांब गो, मग काढ केर," असं काशीराम हसत म्हणायचे. तासा-दोन तासांचा मामला. सुनंदाबाईंकडे मात्र अंतराप्रमाणे पद्धत वाढत गेली होती. पुण्याला कुणी निघालं तर नुसता केर नाही. दिल्लीला निघालं तर केर नाही आणि डोक्यावरून न्हाणं नाही. समुद्रापलीकडे निघालं तर केर नाही, न्हाणं नाही, अन्न नाही, आणि घरच्या बाईने उंबरठा ओलांडायचा नाही. विमान जमिनीला टेकलं असा निरोप येईपर्यंत. मिहिर आधी कंपनीच्या कामाने अधूनमधून परदेशी जायचा, तेव्हा हे कुठल्या पोथीत आहे असं विद्याधररावांनी एकदा विचारलं होतं. मग ते बँकेत जातो म्हणून बाहेर पडायचे आणि मिसळ खाऊन यायचे. पुरुषांना उंबरठा माफ होता ना!

बरं, निरोप मागायचा नाही. प्रवासातल्या माणसाला मागून हाक मारू नये, म्हणून फोनही करायचा नाही. त्यानेच कळवायला हवं. तिसऱ्या मजल्यावरच्या गंधालीने एकदा आपल्या मोबाइलवर ते विमान दाखवणारं अ‍ॅप उघडून दिलं. "हे बघा काकू, मिहिरदादा आत्ता इथे आहे." सुनंदाबाईंनी फोन पालथा घातला. "उडत्या विमानाकडे टक लावून बघायचं नाही! दृष्ट लागते." गंधाली जिन्यात जाऊन पोट धरून हसली.

आणि हे सगळं पाळायचं कुणी? दोघींनी. फक्त सुनंदाबाईंना ब्लड प्रेशरची गोळी असायची. गोळी रिकाम्या पोटी घेऊ नये, म्हणून सकाळी दोन राजगिऱ्याचे लाडू, संध्याकाळी दोन. औषधापुरते. दीप्तीला कसलीच गोळी नव्हती, म्हणून तिला पाणी.

हे एवढंच असतं तर दीप्तीने हसण्यावारी नेलं असतं. वीस तासांचा उपास काय, कोकणातल्या पोरीला जड नाही. पण त्या वर्षी जानेवारीत जे झालं, त्याला हसायचं कसं?

मिहिर सुट्टी संपवून परत निघाला होता. इकडे काशीरामांना आठवडाभर ताप होता, छाती भरली होती, कांदिवलीच्या एका हॉस्पिटलात ठेवलं होतं. घाबरण्यासारखं नाही, असं डॉक्टर म्हणत होते. मिहिरचं विमान उडालं. दुबईला धुकं होतं, पुढचं विमान हुकलं, त्याला दुसऱ्या विमानात बसवलं. वीस तासांचे तीस होणार हे उघड होतं. सुनंदाबाईंनी लाडवांचा डबा जवळ ओढून घेतला. दीप्ती पाणी पिऊन बसली.

दुपारी शेवंतीचा फोन आला. "दीप्ती, पप्पांका आयसीयूत घातल्यानी हा. डॉक्टर म्हणतत, कोणाक बोलवचा आसात तर बोलवा. तू ये गो बाय. ते तुकाच विचारतत."

दीप्तीने पर्स उचलली. मुलुंडहून लिंक रोडने कांदिवली म्हणजे किती? रस्ता मोकळा मिळाला तर तास, नाही तर दीड. खाली रिक्षा उभीच होती, ती तिने गॅलरीतून पाहिली. चपला घालायला ती दाराशी वाकली.

"मी अडवत नाही हो," सुनंदाबाई सोफ्यावरून म्हणाल्या. आवाज अगदी शांत. "तुझे वडील आहेत. जा की. फक्त एवढं ध्यानात ठेव, विमान अजून समुद्रावर आहे. तिकडे काही वेडंवाकडं झालं तर मला विचारू नकोस. लोकांनाही तूच सांग."

बस्स. ओरडणं नाही, हात धरणं नाही. हात धरला असता तर दीप्तीने तो झिडकारला असता आणि गेलीही असती. पण ते शब्द पोटात उतरले. ऑफिसात डझनभर माणसांची टीम सांभाळलेली पोर ती, हिशोबाला पक्की, असल्या गोष्टींवर मैत्रिणींशी टिंगल करणारी. तिला त्या क्षणी काळं पाणी दिसलं आणि त्यावर एवढंसं विमान. एक पाऊल बाहेर टाकलं आणि ते पडलं तर? ती वाकलेली होती तशीच राहिली. मग तिने स्वतःच्या हाताने चपला काढल्या आणि आत येऊन बसली. स्वतःच्या हाताने! हे ती पुढे कुणालाच सांगू शकली नाही. सासूने डांबून ठेवलं असं सांगता आलं असतं तर किती सोपं होतं.

फोन पुन्हा वाजला, तिने उचलला नाही. उचलला असता तर राहवलं नसतं. पुन्हा वाजला. मग खंडूकाकाचा आला, काशीरामांच्या धाकट्या भावाचा, तो तिने घेतला. "गेलो तुझो बापूस," एवढंच तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दीप्तीच्या तोंडून कसला आवाज निघाला कोण जाणे. सुनंदाबाई उठून आल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला. "अरेरे! फार वाईट झालं. पण आता घाई करून काय उपयोग आहे का? निरोप येऊ दे, मग जा." आणि दीप्ती बसली. आता बोला! बाप मेलेला, आणि ती मुलुंडच्या सोफ्यावर बसून टोरंटोच्या विमानाची वाट बघत होती. आधी थांबलो ते फुकट जायला नको, असं काहीतरी तिच्या डोक्यात होतं. माणूस एकदा वाकला की कुठपर्यंत वाकत जातो, त्याला काही हिशोब नसतो.

तासा-दोन तासांनी मिहिरचा मेसेज आला. सुनंदाबाईंनी देवाला हात जोडले. "सुखरूप पोचला गं बाई. आता जा तू. आणि वाटेत काहीतरी खाऊन घे हो, चक्कर येईल."

चारकोपला तिरडी बांधून तयार होती. तिच्यासाठी थांबले होते. ती गर्दीतून आत शिरली तसं खंडूकाकाने सगळ्यांदेखत विचारलं, "काय गो, उतारला तुमचा इमान?" कुणी त्याला गप्प केलं नाही. शेवंती रागावली नाही, रडलीही नाही. लेकीकडे बघून म्हणाली, "शेवटपर्यंत दाराकडेच बघित होते." त्यापुढे तिने तो विषय काढला नाही, आणि त्यानंतर दीप्तीला आईच्या डोळ्यांकडे बघणं जमेना. चारकोपला जाणं तिने टाळायला सुरुवात केली. महिन्यातून एकदा जायची, उभ्या उभ्या, सामान ठेवून निघायची.

दहाव्या दिवशी मिहिरशी फोनवर बोलताना तिने त्याला सगळं सांगितलं. "अगं, वेडी आहेस का तू? जायचं होतंस सरळ! आईचं एवढं काय मनावर घेतेस?"

"मग हे तू आईंना सांग."

"आता या वयात तिला काय सांगायचं, दीप्ती? तिला वाईट वाटेल. जाऊ दे ना, यार."

जाऊ दे. बापाचं मरण जाऊ दे. तुम्ही म्हणाल, तेव्हाच निघून का गेली नाही? जायचं कुठे? माहेरी आईचे डोळे होते. टोरंटोला व्हिसा नव्हता. आणि नवरा तिला आवडायचा, हेही खोटं कशाला सांगा? ती राहिली. स्वयंपाक केला, सासूला डॉक्टरकडे नेलं, बाकावर बसलेल्या बायकांना हसून उत्तरं दिली. आतून मात्र तिचं काहीतरी सुकत गेलं. सुनंदाबाई बाकावर सांगायच्या, "आमची सून चारकोपची असली तरी पद्धतीला पक्की हो! बाप गेला तरी उंबरठा ओलांडला नाही पोरीने." हे कौतुक दीप्तीने जिन्यात उभं राहून ऐकलं. हातातली भाजीची पिशवी तिथेच ठेवून ती पायरीवर बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.

पुढच्या वर्षी मिहिर पुन्हा आला. तीन आठवडे घर भरलेलं राहिलं, पुरणपोळ्या झाल्या, आणि एका दुपारी तो निघाला. विमान उडालं तसं सुनंदाबाईंनी झाडू कपाटामागे सारला, सवयीने. लाडवांचा डबा टेबलावर आला. ती संध्याकाळ गेली, रात्र गेली. सकाळी दीप्तीचं डोकं भणभणत होतं, पोटात कावळे ओरडत होते. साडेनवाच्या सुमाराला ती आतल्या खोलीत होती, तेव्हा फोन थरथरला.

"पोचलो. आईला इतक्यात सांगू नकोस, ती फोन करून तासभर बोलत बसते. फोन बंद करून झोपतोय. उठलो की मीच करतो."

दीप्तीने तो मेसेज वाचला आणि तिला हसू आलं. ज्याच्यासाठी आई देव पाण्यात घालून बसलेली, त्याला आईशी पाच मिनिटं बोलायचा कंटाळा. तरी ती उठली. सांगायलाच उठली, हे लक्षात ठेवा. भूक तिलाही लागली होती, आणि म्हाताऱ्या बाईला ताटकळत ठेवावं असं तिच्या मनात तेव्हा खरंच नव्हतं. ती हॉलमध्ये आली, तोंड उघडलं, आणि नेमका सुनंदाबाईंचा फोन वाजला.

घाटकोपरहून त्यांच्या भावजयीचा होता. सुबोधच्या, म्हणजे सुनंदाबाईंच्या धाकट्या भावाच्या छातीत दुखत होतं, हॉस्पिटलात नेलं होतं, डॉक्टर तपासत होते. "आले! ही निघालेच मी," म्हणत सुनंदाबाई उठल्या. साडी नेसलेलीच होती. पदर खांद्यावर घेतला, पर्स उचलली, चष्मा शोधला. एवढ्या चपळाईने त्यांना दीप्तीने कधी पाहिलं नव्हतं.

सांगून टाकायचं होतं, पोचलाय तो, जा तुम्ही खुशाल. शब्द जिभेवर होते. पण दीप्तीने ते गिळले. तिला एकच गोष्ट बघायची होती. एकच.

"आई," ती म्हणाली, "विमान अजून समुद्रावर आहे."

सुनंदाबाई चपला घालत होत्या. हात थांबला. काढ, काढ त्या चपला, असं दीप्ती मनात म्हणत होती. म्हणजे निदान तुझा तुझ्या पद्धतीवर विश्वास होता एवढं तरी मला कळू दे. माझा बाप कशासाठी तरी गेला असं मला वाटू दे.

"असू दे गं," सुनंदाबाई म्हणाल्या आणि चपलेचा पट्टा लावला. "विमान काय माझ्या उंबरठ्यावर चालतं? सख्खा भाऊ आहे माझा." आणि दार उघडताना मागे वळून, "तू आहेस ना घरात. एकीने पाळलं तरी पुरतं. बाहेर पडू नकोस हो. आणि केर काढू नकोस." दार लागलं. जिन्यात चपलांचा आवाज खाली खाली गेला.

एकीने पाळलं तरी पुरतं.

दीप्ती तिथेच उभी राहिली. हळूहळू तिच्या डोक्यात उजेड पडला आणि तो उजेड तिला सहन होईना. म्हणजे त्या दिवशीही पुरलं असतं. त्या दिवशी सुनंदाबाई घरातच होत्या, सोफ्यावर, लाडवांचा डबा मांडीवर घेऊन. एक बाई घरात होती. दुसरी तासाभरात कांदिवलीला पोचली असती, पप्पांनी दारात तिला पाहिलं असतं, हात धरला असता, "इलंस गो?" असं म्हणाले असते. कुणाचं काही बिघडलं नसतं. सुनंदाबाईंना हे तेव्हाही माहीत असणार. त्यांनी ते सांगितलं नाही, कारण सांगायची गरज त्यांना वाटली नाही. वॉचमनच्या मरणासाठी कोण एवढा विचार करतं?

मग दीप्तीने झाडू काढला आणि सगळं घर झाडलं. देवघरासमोरचं तर दोनदा. डोक्यावरून गरम पाणी घेतलं. आणि ज्या घरात कधी अंडंही फुटलं नव्हतं, तिथे तिने फोनवरून बांगड्याची थाळी मागवली. सुनंदाबाईंच्या डायनिंग टेबलवर, सुनंदाबाईंच्या खुर्चीत बसून, काटे बाजूला काढत ती सावकाश जेवली. सोलकढी वाटीला तोंड लावून प्यायली. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. भूक मात्र जबरदस्त होती.

सुनंदाबाई तीनच्या सुमाराला परतल्या, त्या खुशीतच. "काही नाही गं, गॅसेस नुसते! आदल्या रात्री कुठल्या तरी बारशाला भजी हाणली होती सुबोधने. आम्ही आपले घाबरून अर्धमेले. त्यांच्याकडे इडल्या केल्या होत्या, म्हणून दोन खाल्ल्या मी. नाही कसं म्हणायचं?" त्यांनी पर्स ठेवली, नाक वर केलं. "हा वास कसला येतोय? शेजारी आणलं वाटतं काहीतरी. शी! बरं, निरोप आला ना?"

"नाही," दीप्ती म्हणाली.

"नाही?" सुनंदाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "अगं, सकाळीच टेकायला हवं होतं. उशीर झाला असेल. मागे झालं होतं ना, धुकं होतं."

"आता कुठलं धुकं?"

सुनंदाबाई बसल्या, मग उठल्या. पाणी प्यायल्या. कनेक्शन हुकलं असेल, म्हणाल्या. फोनची बॅटरी संपली असेल. तिकडचं नेटवर्कच मेलं वाईट, असंही म्हणाल्या. दीप्ती समोरच्या खुर्चीवर कपड्यांच्या घड्या घालत होती आणि प्रत्येक वेळी "असेल" म्हणत होती. प्रवासातल्या माणसाला मागून हाक मारायची नाही हे सुनंदाबाईंनी आयुष्यभर पाळलं होतं, तेही सोडलं आणि मिहिरला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. साहेब टोरंटोला पांघरूण घेऊन घोरत होते, हे तुम्हाला नि दीप्तीला माहीत आहे. त्या बाईला माहीत नव्हतं.

त्या देवघरासमोर जाऊन बसल्या. तांब्यातलं पाणी ताम्हणात ओतलं, अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण त्यात ठेवले. त्या घाईत अर्धं पाणी सांडून फरशीवर गेलं. मग एकदम त्यांना हुंदका फुटला.

"मी ओलांडला गं उंबरठा! मीच ओलांडला. विमान वर असताना गेले, इडल्या खाऊन आले. काय अवदसा आठवली मला! देवा, माझं काय ते कर, पोराला नको रे." त्यांनी कपाळ देव्हाऱ्याच्या कडेवर आपटलं. दीप्ती घड्या घालायची थांबली. या बाईला एवढं लहान झालेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. तिला बरं वाटलं का? वाटलं. खोटं नाही सांगत, बरं वाटलं.

सुनंदाबाई एकदम वळल्या. डोळ्यांत काहीतरी चमकलं. गुडघ्यांवर सरकत त्या दीप्तीपाशी आल्या आणि तिचे दोन्ही हात घट्ट धरले. "पण तू होतीस ना घरात? तू पाळलंस ना सगळं? तू पक्की आहेस, मला ठाऊक आहे. तुझा बाप गेला तेव्हासुद्धा तू हलली नाहीस. तुझ्या पुण्याईने येईल गं तो. सांग ना, पाळलंस ना?"

बापाचं नाव घ्यायला नको होतं. नसतं घेतलं तर कदाचित वेगळं झालं असतं.

"नाही आई," दीप्ती म्हणाली. "मी दुपारीच जेवले. बांगडा मागवला होता. मघापासून वास येतोय ना, तो त्याचाच. केर काढला, देवघरातलासुद्धा. डोक्यावरून न्हाले."

सुनंदाबाई आता शिव्या देतील, हात उगारतील, असं दीप्तीला वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. त्यांनी तिचे हात सोडले आणि फरशीवर त्या सांडलेल्या पाण्यातच बसल्या. "नाही गं," एवढंच पुटपुटत राहिल्या. "नाही गं, नाही गं."

फोन दीप्तीच्या कुर्त्याच्या खिशात होता. नुसता काढून पुढे धरायचा अवकाश. दया यायला हवी होती, आणि ती येण्याची तिने थोडा वेळ वाटही पाहिली. आली नाही. तिने घडी घातलेल्या कपड्यांतले आपले तेवढे पिशवीत भरले, पर्स घेतली, चपला घातल्या.

"तू कुठे निघालीस?" सुनंदाबाई दचकल्या. "त्याचा पत्ता नाही, आणि तू... अगं, मला एकटीला नको ना टाकूस!"

"मम्मीकडे जाते," दीप्ती म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

खाली बाकावर तीन-चार बायका जमल्या होत्या. मधोमध जानकीबाई होत्या. दीप्ती त्यांच्यासमोरून फाटकापाशी गेली आणि रिक्षाला हात केला. "चारकोप, सेक्टर आठ. लिंक रोडने घ्या."

तेवढ्यात वरून हाक आली. सुनंदाबाई गॅलरीच्या कठड्यावर अर्ध्या वाकल्या होत्या. केस सुटलेले, पदराचं भान नाही, आणि सगळी सोसायटी ऐकेल एवढ्या मोठ्याने ओरडत होत्या. "दीप्ती! तुझ्या फोनवर बघ गं एकदा! पाया पडते तुझ्या! काही आलंय का बघ!"

बाकावरच्या बायका माना वर करून बघायला लागल्या. दीप्ती थांबली. तिने खिशातून फोन काढला, वरून दिसेल असा हातात धरला, त्यावरची ती सकाळची ओळ पुन्हा एकदा नीट वाचली. मग वर बघून मान हलवली, नाही, आणि रिक्षात बसली.